प्रश्नोत्तरे : रेझिस्टरचे पट्टे कुठल्या टोकाकडून वाचायचे?

रेझिस्टर म्हणजे सर्किटमधला प्रवाह रोखणारा छोटा भाग. त्याचा आकडा अंगावरच्या रंगीत पट्ट्यांत लिहिलेला असतो. या रंगांबद्दलची निवडक पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. घरची विजेवरची उपकरणं उघडणाऱ्यांनी जळालेल्या रेझिस्टरचं उत्तर सगळ्यात आधी वाचावं.

प्रश्न : आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सचं पहिलंच वर्ष आहे. रंगांचा क्रम पाठ होत नाही. वर्गात इंग्रजी वाक्य सांगितलं, तेही गोंधळतं. मराठीत काही युक्ती आहे का? (विद्यार्थिनी, कराड)

युक्ती तुम्हाला प्राथमिक शाळेपासून येते : तानापिहिनिपाजा. इंद्रधनुष्याच्या या सात अक्षरांतला मधला ‘पा’, म्हणजे पारवा, तेवढा गाळा. उरलं ता-ना-पि-हि-नि-जा. तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७. त्याच्या अलीकडे काळा ० आणि तपकिरी १, पलीकडे राखाडी ८ आणि पांढरा ९. मोजणी ‘ता’ पासून करायची आणि ‘ता’ म्हणजे दोन, एवढं डोक्यात बसलं की झालं. तांबडा एक धरला की पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात, आणि नवशिक्यांची बरीच उत्तरं नेमकी अशीच चुकतात.

आता वाचून पाहू. चार पट्टे आहेत : पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी. पहिले दोन आकडे ४ आणि ७. तिसरा पट्टा आकडा नव्हे, तो पुढे किती शून्यं लावायची ते सांगतो. तांबडा म्हणजे दोन शून्यं. झाले ४७०० ओहम (ओहम हे रेझिस्टरचं माप), म्हणजे ४.७ के, दुकानाच्या भाषेत ‘चार के सात’. के म्हणजे हजार. चौथा सोनेरी म्हणजे टॉलरन्स (चालणारा फरक) ५ टक्के, त्यामुळे मीटरवर ४४६५ ते ४९३५ मधलं काहीही आलं तरी माल बरोबर.

तिसरा पट्टा काळा आला की परीक्षेत हमखास घोळ होतो. तपकिरी, काळा, काळा म्हणजे १० ओहम, १०० नव्हे. काळ्याचा अर्थ ‘शून्य शून्यं’, म्हणजे पुढे काहीच लावायचं नाही. तिसरा पट्टा सोनेरी असेल तर दहाने भागायचं, चंदेरी असेल तर शंभराने. पिवळा, जांभळा, सोनेरी, सोनेरी हा ४.७ ओहमचा रेझिस्टर. त्यातला पहिला सोनेरी भागाकाराचा आणि दुसरा टॉलरन्सचा.

पाच पट्ट्यांत आकडे तीन, चौथा शून्यांचा, पाचवा टॉलरन्सचा. तोच ४.७ के पाच पट्ट्यांत पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी, तपकिरी असा येतो : ४७० वर एक शून्य, १ टक्का.

प्रश्न : आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डच्या) पुश बटणाला १० के चा पुल-अप, म्हणजे बटण मोकळं असताना पिनला ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर लावला आहे. बटण दाबून धरलं की रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो. पट्टे तपकिरी, काळा, काळा, तांबडा, तपकिरी असे बरोबर आहेत. मग चुकतंय काय? (डिप्लोमाचा विद्यार्थी, नाशिक)

तो रेझिस्टर उलटा धरून वाचा. तपकिरी, तांबडा, काळा, काळा, तपकिरी. १२० वर शून्य शून्यं, म्हणजे १२० ओहम. तुमच्या हातात हाच आहे, ही त्याच्या तापण्यावरून जवळजवळ खात्री देता येते. बटण दाबलं की ५ व्होल्ट सरळ या १२० ओहमवर येतात : सुमारे ४२ मिलिअँपिअर, ०.२१ वॅट. पाव वॅटच्या रेझिस्टरला हा जवळपास पूर्ण भार झाला, तो तापणारच. खरा १० के असता तर अर्धा मिलिअँपिअर वाहिला असता आणि बोटाला काही कळलंही नसतं.

ही चूक तुमच्या एकट्याची नाही. चार पट्ट्यांच्या जुन्या बदामी रेझिस्टरला हा प्रश्न कधी पडत नसे, कारण सोनेरी किंवा चंदेरी हा पहिला आकडा असूच शकत नाही. तो पट्टा उजवीकडे धरला की काम झालं. १ टक्केवाल्या निळ्या मेटल फिल्म रेझिस्टरचा टॉलरन्सचा पट्टा मात्र तपकिरी, आणि तपकिरी हा तर सगळ्यात जास्त वेळा येणारा पहिला आकडाही. दोन्ही टोकांना तपकिरी दिसला की फसगतीची तयारी ठेवायची.

अशा वेळी दोन्ही बाजूंनी वाचून दोन्ही उत्तरं कागदावर लिहा. बहुतेक वेळा एक उत्तर आपोआप बाद होतं. ४.७ के उलटा वाचला तर ११० वर सात शून्यं येतात, म्हणजे ११०० मेगओहम (एक मेगओहम म्हणजे दहा लाख ओहम). असला रेझिस्टर तुमच्या डब्यात असण्याचं काही कारण नाही. काही जोड्यांत मात्र दोन्ही उत्तरं बाजारात मिळणारी निघतात, आणि नेमक्या याच किंमती (म्हणजे ओहमचे आकडे) आपण रोज वापरतो : १० के उलटा १२० ओहम, १ के उलटा ११० ओहम, १०० के उलटा १३० ओहम. २२० ओहम (तांबडा, तांबडा, काळा, काळा, तपकिरी) उलटा वाचला तर १० के, २ टक्के. एलईडी मिणमिणते आणि कारण सापडत नाही, तेव्हा ही शेवटची जोडी आठवावी. १०० ओहमचा प्रश्नच नाही : तपकिरी, काळा, काळा, काळा, तपकिरी हे दोन्हीकडून सारखंच.

पुस्तकात लिहिलेलं असतं की टॉलरन्सच्या पट्ट्याआधी जास्त अंतर असतं किंवा तो पट्टा जाड असतो. चांगल्या मालात तसं असतंही. स्वस्त पाव वॅटच्या मालात, सहा मिलिमीटरच्या अंगावर पाच पट्टे बसवताना ते अंतर उरत नाही. भिंग घेऊन टोकांच्या टोप्या पाहा : पहिला पट्टा बहुधा टोपीच्या फुगीर भागावर पूर्ण चढलेला असतो आणि शेवटचा किंचित आत राहतो. पण हा नुसता इशारा समजा. १ टक्क्याचा माल मल्टिमीटर लावल्याशिवाय बोर्डात घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोजायला पाच सेकंद लागतात, काढायला पाच मिनिटं.

आणखी एक गोष्ट निळ्या अंगाची. त्यावर काळा, जांभळा आणि राखाडी एकमेकांत मिसळतात, आणि पिवळ्या बल्बखाली तपकिरी, तांबडा, नारिंगी हे तिन्ही एकाच कुटुंबातले वाटतात. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहा, किंवा पांढऱ्या कागदावर ठेवून मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. फ्लॅश लावू नका. वार्निश चकाकतं आणि रंग धुऊन निघतात.

प्रश्न : सर्किटमध्ये ५ के लिहिलं आहे. दुकानदार म्हणतो ५ के येतच नाही, ४.७ घ्या. तो टाळतो आहे का? (वाचक, पुणे)

दुकानदार खरं बोलतो आहे. रेझिस्टर सरसकट सगळ्या किंमतींचे बनवत नाहीत, ठरावीक मालिकेतले बनवतात. साध्या मालिकेत १० ते १०० च्या दरम्यान बाराच पायऱ्या आहेत : १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. पुढे शून्यं वाढवत जायचं. या पायऱ्या विचित्र वाटतात, पण त्यामागे साधा हिशेब आहे. मालिका १० टक्के टॉलरन्ससाठी आखलेली आहे. ३.९ के मध्ये १० टक्के मिळवले तर ४.२९ होतात, ४.७ के मधून १० टक्के वजा केले तर ४.२३. दोन्ही टोकं एकमेकांवर चढतात, मध्ये रिकामी जागा राहत नाही. कारखान्यातून निघालेला जवळपास कुठलाही रेझिस्टर कुठल्या तरी पायरीवर बसतोच.

५ टक्क्यांसाठी मध्ये आणखी बारा पायऱ्या घातल्या आहेत : ११, १३, १६, २०, २४, ३०, ३६, ४३, ५१, ६२, ७५, ९१. म्हणजे ५.१ के मिळतो. १ टक्क्याच्या मालिकेत ४.९९ के सुद्धा आहे, पण तो गल्लीतल्या दुकानात असेलच असं नाही, त्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागेल किंवा ऑनलाइन मागवावा लागेल. तुम्हाला नेमका ५ केच हवा असेल तर १० के चे दोन समांतर जोडा. एलईडी किंवा ट्रान्झिस्टरच्या बेससाठी ४.७ ने काहीही बिघडत नाही.

या चोवीस पायऱ्या पाठ असणं पट्टे वाचताना फार उपयोगी पडतं. ते खाली, जळालेल्या रेझिस्टरच्या उत्तरात येईल.

प्रश्न : एका मीटरमधून निघालेल्या रेझिस्टरवर सहा पट्टे आहेत. सहावा कशाचा? (वाचक, नागपूर)

तापमानाचा. एका अंशाला किंमत दहा लाखात किती भागांनी बदलेल ते तो सांगतो : तपकिरी १००, तांबडा ५०, पिवळा २५, नारिंगी १५, निळा १०, जांभळा ५. इथे रंगांचा नेहमीचा क्रम लागू होत नाही. सहावा तपकिरी असलेला १० के चा रेझिस्टर २५ अंशांवर मोजला आणि मग तुमच्या नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांवर मोजला, तर फार तर २० ओहमचा फरक पडेल. रेडिओला त्याचं काही नाही. मापनाच्या उपकरणाला आहे, म्हणून तिथला रेझिस्टर बदलताना सहावा पट्टाही जुळवावा.

प्रश्न : जुन्या टीव्हीच्या बोर्डवर फिकट निळ्या रंगाचा मोठा रेझिस्टर आहे. पट्टे चारच, पण सोनेरी कुठेच नाही : तपकिरी, काळा, हिरवा, पिवळा. हा कसा वाचायचा? (टीव्ही दुरुस्ती करणारे, इचलकरंजी)

हा जास्त व्होल्टेजचा रेझिस्टर असणार. सोनेरी आणि चंदेरी रंगात धातूची पूड असते, आणि जिथे हजार-दोन हजार व्होल्ट पडतात तिथे अंगावर धातूचा पट्टा नको. म्हणून अशा मालावर सोनेरीच्या जागी पिवळा (५ टक्के) आणि चंदेरीच्या जागी राखाडी (१० टक्के) लावतात. तुमचा तपकिरी, काळा, हिरवा म्हणजे १० वर पाच शून्यं, १ मेगओहम, ५ टक्के. उलटा वाचून पाहिला तर पिवळा, हिरवा हे ४५ होतात, आणि ४५ हा आकडा वर दिलेल्या मालिकेत नाहीच. तिथे साधा पाव वॅटचा १ मेगओहम लावू नका. किंमत जुळेल, पण व्होल्टेज सोसणार नाही. साध्या पाव वॅटच्या मालाची मर्यादा साधारण २५० व्होल्ट धरतात.

प्रश्न : एलईडी बल्बच्या ड्रायव्हरमधला (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) एक रेझिस्टर जळून काळा झाला आहे. फक्त दुसरा पट्टा जांभळा आणि शेवटचा सोनेरी ओळखू येतो. किंमत कशी काढू? नवा लावला की बल्ब चालेल ना? (वाचक, सांगली)

आधी हात कुठे घालता आहात ते पाहा. होल्डरमधून बल्ब काढला तरी आतला कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला राहू शकतो. १० के, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून कपॅसिटरच्या दोन पायांना पाचेक सेकंद टेकवा, मग डीसी व्होल्ट मोजा आणि शून्याजवळ आल्यावरच पुढे जा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण त्याने कपॅसिटरचे पाय आणि बोर्डवरची तांब्याची पट्टी दोन्ही जळतात, आणि ठिणगी डोळ्यांकडे उडते.

आता किंमत. चोवीस पायऱ्यांत दुसरा आकडा ७ असलेल्या किंमती दोनच आहेत : २७ आणि ४७. म्हणजे पहिला पट्टा तांबडा किंवा पिवळा. उष्णतेने तांबडा तपकिरीकडे झुकतो आणि पिवळा मळकट बदामी होतो, भिंगाखाली एवढा फरक बहुधा कळतो. हीच युक्ती इतर आकड्यांनाही चालते. दुसरा पट्टा पांढरा असेल तर ३९ खेरीज काही असूच शकत नाही. पिवळा असेल तर २४ च. राखाडी असेल तर १८ किंवा ६८, हिरवा असेल तर १५ किंवा ७५. तांबडा आला तर मात्र चार शक्यता उरतात : १२, २२, ६२, ८२.

पट्टे अजिबातच दिसत नसतील तर रेझिस्टर कुठून कसा जळाला ते पाहा. मधोमध एकाच जागी फुटला असेल तर तिथला रंग अलगद खरवडा, एका टोकापासून त्या जागेपर्यंत मोजा, मग त्या जागेपासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि दोन्हींची बेरीज करा. फिल्म जिथे उडाली तेवढं कमी भरेल, म्हणून बेरजेच्या लगतची वरची पायरी धरा. संपूर्ण कोळसा झाला असेल तर हा उपाय निरुपयोगी. त्याच बनावटीचा दुसरा बल्ब मिळतो का पाहा.

नवा लावला की चालेल का? बहुतेक वेळा नाही. रेझिस्टर स्वतःहून क्वचित जळतो, पुढे काहीतरी शॉर्ट झालेलं असतं. ब्रिजचे (एसीचं डीसी करणारे) चारही डायोड, मोठा कपॅसिटर आणि ड्रायव्हरची आयसी तपासल्याशिवाय नवा लावला तर तोही पहिल्या सेकंदाला जाईल. दुसरं असं की मेनच्या वाटेवरचा पहिला रेझिस्टर पुष्कळदा फ्युजिबल असतो. ज्वाला न करता तुटणं हेच त्याचं काम. तो दिसायला साध्यासारखाच आणि पट्टेही तेच, रंगांवरून ठामपणे ओळखता येत नाही. त्यामुळे मेनला जोडलेला पहिला कमी ओहमचा रेझिस्टर (४.७, १०, २२ असा) फ्युजिबलच धरायचा आणि दुकानात फ्युजिबलच मागायचा. तिथे साधा कार्बन फिल्म लावला तर पुढच्या शॉर्टला तो पेट घेऊ शकतो. वॅट आकारावरून ठरवा : साडेसहा मिलिमीटर लांबीचा पाव वॅट, नऊचा अर्धा, अकरा-बाराचा एक. शंका असेल तर (फ्युजिबल सोडून) वरचा वॅट घ्या, जागेत बसला म्हणजे झालं.

प्रश्न : अँप्लिफायरच्या बोर्डवर १०० के चा रेझिस्टर मोजला तर १८ के दाखवतो. खराब समजायचा का? (वाचक, रत्नागिरी)

नाही. बोर्डात असताना मीटरला तो एकटा दिसत नाही, त्याच्या समांतर असलेल्या सगळ्या वाटा दिसतात. समांतर वाटांनी आकडा कमीच होतो. एक पाय सोडवा आणि मग मोजा. उलट बोर्डातच मोजताना पट्ट्यांपेक्षा जास्त आकडा आला, समजा १ के च्या जागी १.६ के, तर पाय सोडवण्याचीही गरज नाही, तो गेलेला आहे. फक्त एखाद्या कपॅसिटरमध्ये भार उरला असेल तर मीटर फसतो, म्हणून मीटरच्या दोन तारा (प्रोब) उलटसुलट करून दोनदा पाहा.

पाय सोडवल्यावर दोन गोष्टी सांभाळा. १० ओहमच्या आतलं मोजताना आधी प्रोब एकमेकांना टेकवा, ०.३ किंवा ०.५ असं काही येईल, ते वजा करा. आणि मेगओहमचा रेझिस्टर मोजताना दोन्ही पाय दोन्ही हातांच्या चिमटीत धरू नका. घामेजल्या बोटांतून काही लाख ओहमची वाट तयार होते आणि चांगला रेझिस्टर निम्म्यावर येतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे नक्की होतं.

प्रश्न : हिरव्या अंगाचा रेझिस्टर, तपकिरी, काळा, तांबडा, सोनेरी. १ के यायला हवा, मीटर दोन-तीन ओहम दाखवतो. शॉर्ट झाला आहे का? (वाचक, सोलापूर)

तो रेझिस्टर नाही, कॉइल आहे. छोट्या इंडक्टरवरही हेच रंग वापरतात, फक्त उत्तर ओहममध्ये नव्हे तर मायक्रोहेन्रीत (कॉइलच्या मापात) येतं. तुमचा १००० मायक्रोहेन्री, म्हणजे १ मिलिहेन्री. आत बारीक तार गुंडाळलेली असल्याने मीटरला दोन-तीन ओहम दिसतात, ते अगदी ठीक. अंग बहुधा हिरवं आणि मधे थोडं फुगीर असतं, पण रंगावर विसंबू नका, बोर्डवरचं अक्षर पाहा. रेझिस्टरपाशी ‘आर’ छापलेलं असतं, कॉइलपाशी ‘एल’.

बदामी अंगावर मधोमध एकच काळा पट्टा असलेलं काही दिसलं तर तो शून्य ओहमचा रेझिस्टर, म्हणजे नुसती जोडतार. भाग बसवणाऱ्या यंत्राला तार उचलता येत नाही, रेझिस्टर उचलता येतो, म्हणून तारेला रेझिस्टरचं रूप दिलेलं असतं. हरवला तर तारेचा तुकडा लावा. डायोडवरचा पट्टा एका टोकाला असतो, याचा मधोमध, त्यामुळे गल्लत होऊ नये.

प्रश्न : मला तांबडा, हिरवा आणि तपकिरी यांत फरक कळत नाही. या कामाचा नाद सोडावा का? (वाचक, बेळगाव)

मुळीच नाही. तुमच्या अडचणीच्या रंगांचे आकडे २, ५ आणि १ असे आहेत, म्हणजे रंग चुकला की किंमत बहुधा मोठ्या फरकाने चुकते. ती मीटरवर लगेच उघडी पडते. ऑटोरेंज मीटर घ्या, प्रत्येक वेळी रेंज फिरवावी लागत नाही. सुटे रेझिस्टर एका पिशवीत कधीच घेऊ नका. कागदी पट्टीत चिकटवलेले मागा आणि पट्टीच्या टोकावर दुकानातच पेनने ओहमचा आकडा लिहून घ्या. घरी डब्यात टाकताना पट्टीचं ते टोक कापू नका, शेवटचा रेझिस्टर संपेपर्यंत ते पट्टीला राहू द्या.